वस्तू पुसली, पण जागा दिसते: फोटोतला डाग का राहतो आणि तो कसा घालवायचा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. फोटोतून नको असलेली वस्तू काढली, वस्तू गेलीसुद्धा, पण तिथे काहीतरी होतं हे बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. कुठे धुरकट धब्बा राहतो, कुठे भिंतीवरचा एकच ओरखडा चार ठिकाणी उमटतो, कुठे फरशीची रेघ मध्येच तुटते. मग त्याच डागावर पुन्हा हीलिंग ब्रश (डाग मिटवायचं टूल) फिरवला जातो आणि डाग आणखी पसरतो. अजून एकदा फिरवला की पोत गेलेला गुळगुळीत पट्टा तयार होतो. सॉफ्टवेअर बदललं, नवं ॲप टाकलं, तरी पुढच्या फोटोत तेच.

हे डाग वरवर सारखे दिसतात, पण त्यांची कारणं वेगवेगळी असतात. कडेच्या रंगाचा डाग, सावलीचा डाग, पोत गेल्याचा डाग, यातल्या एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालवला की काम बिघडतं. म्हणून आधी डाग कुठल्या जातीचा आहे ते ओळखायचं आणि मगच टूल उचलायचं. खाली टूलची आणि मेनूची नावं मुख्यतः फोटोशॉप आणि गिम्पमधली घेतली आहेत. दुसऱ्या एडिटरमध्ये नावं बदलतील, कारणं तीच राहतील.

आधी मूळ फोटोवर परत या

डाग पडलेल्या फोटोवर उपाय करत बसू नका. हिस्टरीतून मागे जा किंवा मूळ फाइल पुन्हा उघडा. बिघडलेल्या भागाजवळ चालवलेला ब्रश त्या बिघडलेल्या पिक्सेलमधूनच नमुना उचलतो आणि चूक पुढे सरकत राहते.

मग एक नवा रिकामा लेयर (फोटोवर ठेवलेला पारदर्शक थर) घ्या आणि सगळी पुसापुशी त्यावरच करा. फोटोशॉपमध्ये स्पॉट हीलिंग ब्रश घेतल्यावर वरच्या पट्टीत 'सॅम्पल ऑल लेयर्स'वर खूण करा. साध्या हीलिंग ब्रशसाठी आणि क्लोन स्टॅम्पसाठी 'सॅम्पल'च्या यादीतून 'करंट अँड बिलो' निवडा. गिम्पमध्ये हाच पर्याय टूल ऑप्शन्समध्ये 'सॅम्पल मर्ज्ड' या नावाने आहे. 'रिकाम्या लेयरवर ब्रश चालतच नाही' असं जे वारंवार ऐकायला मिळतं, त्यामागे जवळजवळ नेहमी हीच राहून गेलेली खूण असते. वेगळ्या लेयरमुळे त्याच्या नावाशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद-चालू करून कुठे बिघडलं ते नेमकं पाहता येतं, आणि तेवढाच तुकडा खोडून पुन्हा करता येतो. मूळ फोटोला धक्का लागत नाही.

फाइल कुठून आली तेही बघा. मेसेजिंग ॲपवरून फिरत आलेल्या फोटोचा आकार कमी झालेला असतो आणि तो पुन्हा दाबलेला असतो. अशा फोटोवर कितीही हात चालवला तरी कडांभोवतीची घाण पूर्ण जात नाही. मूळ फाइल मागवून घेणं शक्य असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

कुठलं टूल काय करतं

क्लोन स्टॅम्प म्हणजे निव्वळ ठिगळ. एका जागेचे पिक्सेल उचलून दुसरीकडे जसेच्या तसे चिकटवतो. पोत शाबूत राहतो, पण त्या दोन जागांवरचा उजेड वेगळा असेल तर ठिगळाची कड दिसते.

हीलिंग ब्रश फोटोशॉपमध्ये २००२ साली, सातव्या आवृत्तीत आला. तो पोत नमुन्यातून घेतो, पण रंग आणि उजेड जिथे रंगवताय तिथल्या कडेवरून जुळवतो. त्वचेसाठी, आकाशासाठी, साध्या भिंतीसाठी हे उत्तम. मात्र शेजारी गडद वस्तू असेल तर तिचा रंगही 'कडेवरचा उजेड' समजून आत ओढला जातो.

कंटेंट-अवेअर फिल २०१० साली फोटोशॉपच्या सीएस५ आवृत्तीसोबत आलं. त्यामागची पॅचमॅच ही पद्धत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आणि अडोबीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडली होती. ही पद्धत फोटोतलेच छोटे छोटे तुकडे शोधते आणि रिकाम्या जागेत एकमेकांना जुळतील असे बसवते. भिंत म्हणजे काय, माणूस म्हणजे काय, हे तिला माहीत नसतं. तुकडा शेजारच्या तुकड्याशी जुळतो की नाही एवढंच ती बघते. म्हणूनच गवताच्या मधोमध कधी कुणाचा बूट उगवतो.

जनरेटिव्ह फिल २०२३ पासून फोटोशॉपमध्ये आहे. ते फोटोतले तुकडे न वापरता एआय मॉडेलने नवे पिक्सेल तयार करतं. त्याचे प्रश्न वेगळे आहेत, त्यांच्याबद्दल पुढे.

डागाकडे पाहूनच बराच अंदाज येतो. ठिगळाची कड दिसते ती क्लोनमुळे. रंग ओघळल्यासारखा दिसतो तो हीलिंगमुळे. भलताच तुकडा येऊन बसला असेल तर तो कंटेंट-अवेअरचा, आणि फोटोत कधी नव्हतीच अशी वस्तू आली तर ती जनरेटिव्हची.

वस्तूच्या आकाराची फिकट झालर

सगळ्यात जास्त आढळणारा डाग हाच, म्हणून याच्यावर जरा थांबू.

समजा फिक्या भिंतीसमोर, चकचकीत फरशीवर लाल प्लॅस्टिकची खुर्ची आहे आणि ती काढायची आहे. वस्तू ओळखून निवडणाऱ्या ऑब्जेक्ट सिलेक्शन टूलने खुर्ची अगदी काटेकोर निवडली जाते. फिल मारलं की खुर्ची जाते, पण भिंतीवर खुर्चीच्या आकाराची गुलाबीसर रेघ राहते. कधी भिंतच त्या भागात किंचित तांबूस होते.

सिलेक्शन काटेकोर असणं हेच इथे चुकतं. वस्तूची कड म्हणजे एका पिक्सेलची रेघ नसते. लेन्सच्या मर्यादेमुळे कडेवरचे दोन-तीन पिक्सेल अर्धे खुर्चीचे, अर्धे भिंतीचे असतात. त्यात जेपेगची भर पडते. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून साठवतं, आणि रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने ठेवतं. पुष्कळ जेपेग फाइलींमध्ये ती आडवी आणि उभी निम्मीच असते. म्हणजे रंगाचा एक चौकोन प्रत्यक्ष फोटोत १६ बाय १६ पिक्सेल व्यापतो. खुर्चीची कड अशा चौकोनातून गेली की तिची लाली खुर्चीबाहेर दहा-पंधरा पिक्सेलपर्यंत भिंतीवर उतरलेली असू शकते. साध्या डोळ्याला ती दिसत नाही. खुर्ची गेल्यावर मात्र तेवढीच उरते, आणि वर फिलचं टूल त्याच लालसर कडेला खरी भिंत समजून आतला रंग तिच्याशी जुळवतं.

तपासायचं असेल तर वर एक 'ह्यू/सॅच्युरेशन' ॲडजस्टमेंट लेयर टाका आणि सॅच्युरेशन उजवीकडे शेवटपर्यंत ओढा. भिंतीवरची लाली कुठपर्यंत पोहोचली आहे ते लख्ख दिसतं. तिथपर्यंत सिलेक्शन वाढवा. फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट', 'मॉडिफाय', 'एक्स्पांड'. गिम्पमध्ये 'सिलेक्ट', 'ग्रो'. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या मोठ्या फाइलला पाच ते दहा पिक्सेल सहसा पुरतात, बऱ्याच दाबलेल्या जेपेगला पंधराच्या आसपास लागतात. काम झालं की तो तपासणीचा लेयर बंद करायला विसरू नका.

सिलेक्शनला फेदर देऊ नका, म्हणजे त्याची कड मऊ करू नका. कड मऊ केली की जोड दिसणार नाही असं वाटतं, पण फेदर म्हणजे कडेवर अर्धं नवं आणि अर्धं जुनं. जुन्यात खुर्ची आहे. म्हणजे तिचं भूत आपणच ठेवून दिलं.

एवढं करूनही रंगाची पुसट छटा राहिली आणि पोत मात्र चांगला बसला असेल तर पुन्हा फिल मारू नका. नवा लेयर घ्या, त्याचा ब्लेंड मोड 'कलर' करा, शेजारच्या स्वच्छ भिंतीचा रंग आयड्रॉपरने उचला आणि मऊ ब्रशने छटेवरून हात फिरवा. उजेड आणि पोत जसाच्या तसा राहतो, फक्त लाली जाते. हा उपाय मला फार आवडतो, कारण तो जे बिघडलंय तेवढ्यालाच हात लावतो.

सावली आणि प्रतिबिंब

त्याच खुर्चीची भिंतीवर सावली आहे आणि फरशीत प्रतिबिंब आहे. ही दोन्ही सिलेक्शनमध्ये घेतली नाहीत तर खुर्ची गेली तरी तिची साक्ष मागे राहते. पायांजवळची गडद, ठळक सावली लक्षात येते. लांबवर विरळ होत गेलेली सावली निसटते, आणि तिचा शेवट कुठे होतो हे डोळ्याला कळत नाही. तिथे तात्पुरता कर्व्हज लेयर (उजेड-अंधार कमीजास्त करणारा) टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. सावलीची हद्द उघडी पडते.

मोठी मऊ सावली पुसण्यापेक्षा उजळ करणं चांगलं. फरशीचा पोत सावलीतही शाबूत असतो. कर्व्हजने तो भाग शेजारच्या फरशीइतका उजळ करून मास्कने (लेयरचा नको तो भाग झाकून) मर्यादित केला तर काहीच नव्याने भरावं लागत नाही. सावलीतला भाग बऱ्याचदा किंचित निळसर असतो, त्यामुळे कर्व्हजमध्ये निळा चॅनेल थोडा खाली आणावा लागतो. ठळक कड उरते, तेवढीच क्लोनने मिटवायची.

माणूस काढताना खिडकीची काच, पाणी, उभ्या गाडीचा पत्रा, दुसऱ्या कुणाचा चष्मा, हे सगळं बघून घ्या.

कडेजवळचा धुरकट धब्बा

आकाशातली तार पुसताना ती जिथे इमारतीच्या भिंतीला भिडते, तिथे निळ्यात करडा धूर मिसळल्यासारखा दिसतो. हा डाग हीलिंग ब्रशचा. ब्रशचा गोल अर्धा आकाशात आणि अर्धा भिंतीवर होता, म्हणून भिंतीचा रंग आत ओढला गेला.

काम दोन टप्प्यांत करायचं. आधी तार जिथे भिंतीला भिडते तिथे क्लोन स्टॅम्पने थोडी फट पाडा, म्हणजे तार आणि भिंत यांच्यात स्वच्छ आकाश येईल. क्लोन रंग मिसळत नाही, त्यामुळे कड सुरक्षित राहते. ब्रशचा हार्डनेस भिंतीच्या कडेइतकाच ठेवा. फोटोत कड तीक्ष्ण असेल तर मऊ ब्रश तिथे धुकं करेल. मग फटीच्या पलीकडची, मोकळ्या आकाशातली उरलेली तार हीलिंग ब्रशने काढा. भिंतीला चुकूनही हात लागू नये असं वाटत असेल तर आकाशाचं सिलेक्शन करून आतच क्लोन करा.

फोटोशॉपच्या हीलिंग ब्रशला 'डिफ्यूजन' नावाची पट्टी आहे. बारीक पोत असलेल्या फोटोला तिचा आकडा कमी ठेवा, गुळगुळीत भागाला जास्त.

तार झाडातून जात असेल तर तेवढ्या भागात हीलिंग वापरूच नका. पानांमध्ये पानंच क्लोन करा. तिथे थोडीशी चूक कुणाच्या नजरेला येत नाही, धूर मात्र लगेच येतो.

तुटलेल्या रेघा

फरशीचे सांधे, विटांचे थर, कठडा, खिडकीची चौकट, क्षितिज. माणसाचा डोळा सरळ रेघेतला अगदी लहान बाकसुद्धा पकडतो. म्हणून वस्तू पुसण्याआधी रेघा जोडून घ्यायच्या. क्रम हाच ठेवा: आधी रेघा, मग रेघांमधली जागा. आधी जागा भरली आणि मग रेघ ओढायला गेलात तर भरलेला भाग पुन्हा खराब होतो.

क्लोन स्टॅम्प घ्या. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून आणि गिम्पमध्ये कंट्रोल दाबून रेघेच्या शाबूत भागावर, बरोबर रेघेच्या मध्यावर क्लिक करा. मग रेघ जिथे सुरू व्हायला हवी तिथेही मध्यावरच पहिला ठोका द्या. 'अलाइन्ड' चालू ठेवा, म्हणजे हात उचलून पुन्हा टेकवला तरी नमुना आणि ब्रश यांच्यातलं अंतर बदलत नाही. पहिल्या ठोक्यानंतर शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक केलं की मधली रेघ सरळ भरली जाते.

दूर जात लहान होणाऱ्या फरशीला साधा क्लोन पुरत नाही, कारण जवळची फरशी मोठी आणि लांबची लहान असते. फोटोशॉपमध्ये 'फिल्टर' मेनूतलं 'व्हॅनिशिंग पॉइंट' उघडून फरशीवर चार कोपऱ्यांची जाळी बसवा. तिथला स्टॅम्प उचललेला तुकडा अंतराप्रमाणे लहान-मोठा करतो. गिम्पमध्ये यासाठी 'पर्स्पेक्टिव्ह क्लोन' हे वेगळं टूल आहे. जाळीचे कोपरे फरशीच्या खऱ्या सांध्यांवर टेकवा. अंदाजाने ठेवलेली जाळी रेघा वाकवते.

एकच नक्षी पुन्हा पुन्हा

गवत, वाळू, ढग, धूर, गर्दी, झाडं. इथे क्लोन केलेला तुकडा एकटा पाहिला तर छान वाटतो, पण तोच शेजारी पुन्हा आला की डोळा त्याला धरतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बेरूतचा एक फोटो मागे घेतला होता. त्यात धुराचे लोट क्लोन करून वाढवले होते आणि सारखेच गोळे एकाखाली एक दिसत होते. वाचकांनी ते इंटरनेटवर उघड केलं. संस्थेने त्या छायाचित्रकाराचे ९२० फोटो आपल्या संग्रहातून काढून टाकले. बातमीच्या फोटोत असं काही करणं मुळातच गैर आहे. पण नक्षीची पुनरावृत्ती किती सहज पकडली जाते, हे त्या प्रकरणात जगाने पाहिलं.

यावर उपाय म्हणजे नमुन्याची जागा सतत बदलायची. दोन-तीन ठोके झाले की नवी जागा उचला, आणि ती पुसायच्या जागेच्या अगदी लगतची नको. फोटोशॉपच्या 'क्लोन सोर्स' पॅनेलमधून नमुना थोडा फिरवता येतो, लहान-मोठा करता येतो. उलटवताना उजेडाची दिशा बघा: डावीकडून ऊन पडलेला दगड आरशासारखा उलटवला तर त्याच्यावरचं ऊन उजवीकडून येईल.

कंटेंट-अवेअर फिलमधली पुनरावृत्ती, किंवा मघाशी म्हटलेला तो गवतातला बूट, घालवण्यासाठी नमुन्याचं क्षेत्र आपण ठरवावं लागतं. 'एडिट'मधून 'कंटेंट-अवेअर फिल' उघडलं की फोटोवर हिरवा थर दिसतो. हिरवा भाग म्हणजे जिथून तुकडे घेतले जातील तो. माणसं, वस्तू, सावल्या, दुसऱ्या पोताच्या जागा, सगळ्यांवरून हिरवा थर पुसून टाका. फरशी भरायची असेल तर फक्त फरशी हिरवी राहू द्या. बहुतेक जण ही खिडकी उघडून थेट 'ओके' दाबतात, आणि खरं काम नेमकं तिथे असतं.

गिम्पमध्ये हे काम 'रीसिंथेसायझर' या वेगळ्या बसवाव्या लागणाऱ्या प्लगइनमधलं 'हील सिलेक्शन' करतं. नमुना किती पिक्सेल रुंदीच्या पट्ट्यातून घ्यायचा ते त्यात सांगता येतं. सुरुवातीचा आकडा ५० असतो. मोठ्या फोटोला तो कमी पडतो, आणि मग तोच तोच पोत येत राहतो. आकडा वाढवून पाहा. क्षितिजाजवळची वस्तू असेल तर नमुना फक्त बाजूंनी घेण्याचा पर्याय निवडा, म्हणजे वरचं आकाश खालच्या जमिनीत उतरणार नाही.

गुळगुळीत पडलेला भाग

रंग बरोबर, रेघा बरोबर, तरी तो तुकडा प्लॅस्टिकसारखा दिसतो. शंभर टक्के झूम करून बघा: बाकीच्या फोटोत बारीक दाणे आहेत आणि पुसलेल्या जागी नाहीत. कमी उजेडात काढलेल्या फोटोत हे हमखास होतं. एकाच जागेवर ब्रश वारंवार फिरवल्यानेही दाणा मरतो.

पॅचच्या, म्हणजे पुसून भरलेल्या तुकड्याच्या, वर नवा लेयर घ्या, पन्नास टक्के करड्या रंगाने भरा, ब्लेंड मोड 'ओव्हरले' करा आणि त्यावर 'ॲड नॉइज' चालवा. 'गॉसियन' आणि 'मोनोक्रोमॅटिक' हे दोन्ही पर्याय निवडा. कॅमेऱ्यातला दाणा मात्र इतका तीक्ष्ण नसतो, कारण कॅमेऱ्याच्या आतली प्रक्रिया शेजारच्या पिक्सेलना एकमेकांत थोडं मिसळते. म्हणून त्या नॉइजवर अर्ध्या पिक्सेलच्या आसपास गॉसियन ब्लर द्या आणि शेजारच्या दाण्याशी ताडून पाहा. मास्क लावून हा लेयर फक्त पॅचपुरता ठेवा.

कामाचा क्रमही इथे नडतो. फोटो आधीच शार्प केला असेल तर दाणे आणि कडा टोकदार झालेल्या असतात आणि भरलेला भाग त्यांच्याशी जुळत नाही. पुसापुशी आधी, शार्पनिंग अगदी शेवटी.

आकाशातले पट्टे

गडद निळ्यापासून फिक्यापर्यंत जाणाऱ्या आकाशात पुसलेल्या जागी पायऱ्या दिसतात. आठ बिटच्या फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात. मोठ्या, सावकाश बदलणाऱ्या भागात त्या ताणल्या जातात आणि डोळ्याला दिसू लागतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याने जेपेग न करता ठेवलेली मूळ नोंद) असेल तर सोळा बिटमध्ये उघडून काम करा. नसेल तर वर सांगितलेला नॉइजचा लेयर, अगदी पुसट, पूर्ण आकाशावर टाका. दाण्यामुळे पायऱ्यांची कड फुटते.

जनरेटिव्ह टूल दुसरीच वस्तू आणून ठेवतं

खुर्ची काढायला सांगितली तर तिथे स्टूल येतं किंवा कुंडी येते. इथेही बहुधा सावलीच कारणीभूत असते. सिलेक्शनबाहेर राहिलेली सावली पाहून मॉडेल ठरवतं की इथे उभं काहीतरी असणार. सावली आणि प्रतिबिंब आत घ्या, सिलेक्शन सैल ठेवा आणि सूचनेची चौकट रिकामी सोडा. 'खुर्ची काढा' असं लिहिलं तर खुर्ची हा शब्द तिथे जातो, आणि तोच उलटा अंगाशी येऊ शकतो.

दुसरी अडचण म्हणजे भरलेला भाग बाकीच्या फोटोपेक्षा मऊ दिसणं. २०२३ मध्ये हे टूल आलं तेव्हा त्याचा निकाल १०२४ बाय १०२४ पिक्सेलपर्यंतच तयार होत होता. सिलेक्शन त्याहून मोठं असेल तर तो ताणून बसवला जात असे. मोठी जागा एकदम न भरता छोट्या, एकमेकांवर थोड्या चढणाऱ्या सिलेक्शनमध्ये भरली की बारकावे टिकतात.

ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही काढायचं असेल तर हे टूल टाळा. ते जे भरतं ते त्या माणसाचं नसतं. केसांची बट, डोळ्याचा कोपरा, कानाची पाळी, सगळं अंदाजाने. घरच्यांना तो फरक लगेच जाणवतो. तिथे त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतून तुकडा आणावा, किंवा वस्तू तशीच राहू द्यावी.

फोनवर काम करताना

बोटाने रंगवताना ब्रश नेहमीच गरजेपेक्षा मोठा पडतो. स्नॅपसीड या ॲपच्या हीलिंगमध्ये फोटो झूम केला की ब्रश फोटोच्या मानाने बारीक होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. एका लांब फटकाऱ्यात पूर्ण वस्तू काढू नका, तुकड्या-तुकड्याने काढा. नाही जमलं तर लगेच मागे या. त्याच जागेवर पुन्हा बोट फिरवू नका.

वस्तू न काढता दाबणं

केसांच्या मागून डोकावणारा खांब, बोटांच्या फटीतून दिसणारा फलक. अशा जागी पुसणं म्हणजे केसन् केस नव्याने रंगवणं. त्यापेक्षा त्या वस्तूचा रंग काढा, उजेड कमी करा, थोडा कॉन्ट्रास्ट उतरवा. झगझगीत पिवळा फलक करडा आणि अंधुक झाला की नजर तिथे जातच नाही. वस्तू कडेला असेल तर फोटो क्रॉप करा.

प्रत्येक फोटोत त्याच जागी येणारा ठिपका

हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात सेन्सरवर धूळ बसली की प्रत्येक फोटोत त्याच ठिकाणी करडा, कडा मऊ असलेला ठिपका येतो. लेन्सच्या एफ १६ सारख्या लहान छिद्रावर तो ठळक दिसतो, छिद्र मोठं केलं की विरतो. म्हणून काही फोटोंत आहे आणि काहींत नाही असं वाटतं. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खालच्या बाजूला असतो. साफ करताना हे उपयोगी पडतं. तोवर अडोबीच्या लाइटरूममध्ये हील टूल घेतल्यावर 'व्हिज्युअलाइज स्पॉट्स' चालू करा, एका फोटोतले ठिपके काढा आणि तेच बदल बाकीच्या फोटोंना 'सिंक' करा. सिंक केल्यावर प्रत्येक फोटो डोळ्याखालून घाला: आकाशात बरोबर बसलेला नमुना दुसऱ्या फोटोत कुणाच्या गालावर आलेला असू शकतो.

सेव्ह करण्याआधी

फोटो आडवा उलटवून पाहा. सरावलेली नजर मोडते आणि चुका पुढे येतात. मग तो अंगठ्याएवढा लहान करून पाहा, कारण उजेडाचे धब्बे मोठ्या झूममध्ये दिसतच नाहीत. कॉन्ट्रास्टचा आणि सॅच्युरेशनचा तपासणीचा लेयर एकदा चालू करून बंद करा. छापायचा असेल तर हे नक्की करा. लेयरसकट एक प्रत ठेवा, पीएसडी किंवा गिम्पची एक्ससीएफ, आणि जेपेग त्यातून एकदाच काढा.

काही फोटोंत पुसायची वेळच येऊ नये अशी सोय करता येते. प्रसिद्ध वास्तूसमोर माणसं येत-जात असतील तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल करा आणि थोड्या थोड्या अंतराने बरेच फोटो काढा. फोटोशॉपमध्ये 'फाइल', 'स्क्रिप्ट्स', 'स्टॅटिस्टिक्स' उघडून 'मीडियन' निवडा. प्रत्येक पिक्सेलसाठी सगळ्या फोटोंतली मधली किंमत घेतली जाते. एखादी जागा निम्म्याहून जास्त फोटोंत मोकळी असेल तर तिथला माणूस आपोआप जातो, आणि त्याच्यामागे जी भिंत दिसते ती खरीच भिंत असते. कुणी एकाच जागी बसून राहिलं असेल तर तो जात नाही. त्याच्यासाठी तो उठेपर्यंत थांबून आणखी फोटो काढावे लागतात. ट्रायपॉड नसेल तर याच खिडकीत सोर्स इमेजेस आपोआप जुळवण्याच्या पर्यायावर खूण करा. हात थोडा हलला असेल तर तो सांभाळून घेतो, फक्त कडा क्रॉप कराव्या लागतात.